एक्स-गर्लचा रस्त्यावरचा शो : प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमकं काय घ्यायचं

१९९४ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये फॅशन शोंचा हंगाम चालू होता. सोहो भागात फॅशन डिझायनर मार्क जेकब्सचा शो सुटला, संपादक आणि फोटोग्राफर मंडळी बाहेर पडली आणि बाहेर रस्त्यावरच दुसरा एक शो उभा राहिला. ना मांडव, ना रॅम्प. कपडे होते एक्स-गर्ल नावाच्या, सुरू होऊन फार दिवस न झालेल्या ब्रँडचे. तो चालवणाऱ्या दोघी म्हणजे सॉनिक यूथ या बँडमध्ये बास वाजवणारी आणि गाणारी किम गॉर्डन, आणि तिची मैत्रीण डेझी फॉन फर्थ. शो बसवून दिला होता स्पाइक जोन्झ आणि सोफिया कोपोला या विशीतल्या दोघांनी. कपडे घालून चालणाऱ्या मुली ओळखीपाळखीतल्या. त्यांत एकोणीस वर्षांची क्लोई सेव्हिनी होती.

मोठ्या शोला जमलेला प्रेक्षक यांना आयता मिळाला. अशा शोला गनिमी म्हणतात आणि गनिमी काव्याचं मूळ सूत्र इथे तंतोतंत दिसतं : वेळ आणि जागा आपण निवडायची, रसद समोरच्याची वापरायची.

सहा वर्षांनी, २००० च्या ऑस्कर सोहळ्यात, याच घोळक्यातली दोन नावं एकाच रात्री नामांकनांच्या यादीत होती. जोन्झ पहिल्याच चित्रपटासाठी दिग्दर्शनाच्या गटात आणि सेव्हिनी सहायक अभिनेत्रीच्या गटात. कोपोलाला २००४ मध्ये मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. एक्स-गर्लचा लोगो आणि टी-शर्टवरची ग्राफिक्स करणारा माइक मिल्स पुढे स्वतंत्र, म्हणजे मोठ्या स्टुडिओंबाहेरच्या, सिनेमाचा दिग्दर्शक झाला.

म्युझिक व्हिडिओ, स्ट्रीटवेअर (रस्त्यावरच्या तरुणाईच्या पेहरावातून आलेले कपडे) आणि स्वतंत्र सिनेमा यांतून प्रेरणा कशी घ्यायची असा प्रश्न निघाला की मला हे प्रकरण पुढे ठेवावंसं वाटतं. तिन्ही माध्यमं इथे एकाच फुटपाथवर भेटतात आणि कोणी कुणाकडून काय उचललं हे बऱ्यापैकी उघड दिसतं. दुसऱ्या माध्यमाचं रूप उचलणारे आणि त्याची कामाची रीत उचलणारे असे दोन्ही प्रकार या गोष्टीत शेजारी शेजारी आहेत. रीत उचलणाऱ्यांना जास्त दूरवर जाता आलं, असं माझं मत आहे.

सुरुवात एका अडचणीतून

१९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हरमाँट अॅव्हेन्यूवर एक्स-लार्ज नावाचं दुकान उघडलं. बीस्टी बॉईज या हिपहॉप गटातला माइक डी त्यात भागीदार होता. कामगारांसाठी बनणारे जाड कापडाचे, टिकाऊ कपडे आणि जुन्या मॉडेलचे बूट ही दुकानाची ओळख. गिऱ्हाईक म्हणजे स्केटबोर्ड खेळणारी, हिपहॉप ऐकणारी मुलं. नावाप्रमाणेच माल ढगळ. न्यूयॉर्कमध्येही त्यांची शाखा निघाली आणि फॉन फर्थ तिथे काम करत होती. मुलींसाठी वेगळं काही करा, असं दुकानवाल्यांकडूनच सुचवलं गेलं आणि १९९३ मध्ये एक्स-गर्ल निघालं.

प्रेरणेच्या गोष्टींत हा भाग सहसा गाळला जातो. या दोघी सुंदर काहीतरी शोधत फिरत होत्या आणि एके दिवशी त्यांना ते सापडलं, असं घडलेलं नाही. आपल्या वर्तुळातल्या मुलींना अंगाला नीट बसेल असं, पण तरीही रस्त्यावरचं वाटेल असं काही मिळत नाही, ही अडचण आधी होती. त्यामुळे बघताना काय शोधायचं हे ठरलेलं होतं. साठच्या दशकातल्या फ्रेंच चित्रपटांतली अॅना कारिना, गायिका फ्रान्स्वाझ आर्दी, जुन्या कपड्यांच्या दुकानांत मिळणारे शाळकरी मुलींच्या मापाचे टी-शर्ट, असा सगळा मसाला त्यांनी या एका गरजेच्या चाळणीतून घातला. बाहेर आले ते छोटे, अंगासरशी टी-शर्ट, ए-लाइन (खाली पसरत जाणारे) मिनीस्कर्ट आणि नेटक्या बेताच्या पँट.

टी-शर्ट जरा जवळून बघू, कारण बदल दिसायला लहान आहे आणि परिणाम मोठा. ढगळ टी-शर्टमध्ये बाहीची शिवण खांद्यावरून घसरून दंडावर येते. छातीचा भाग सपाट, रुंद राहतो, त्यावर कितीही मोठा छाप बसतो आणि लांबून वाचता येतो. शिवण खांद्याच्या हाडावर आणली, बाही दंडाच्या वरच्या भागातच संपवली, की कापड शरीराबरोबर वळतं. मोठा छाप आता मध्येच मोडतो, त्याची अक्षरं ताणली जातात. म्हणजे ग्राफिकचा आकार, अक्षरांची जाडी, जागा हे सगळं पुन्हा ठरवावं लागतं. कट बदलला की ग्राफिक डिझायनरचं कामही बदलतं. या ब्रँडचा कपडा पुरुषांच्या टी-शर्टची छोटी आवृत्ती वाटला नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं.

फ्रेंच चित्रपटांचा धागाही वरवरचा नाही. दिग्दर्शक गोदारच्या १९६० च्या ‘ब्रेथलेस’मध्ये जीन सीबर्ग पॅरिसच्या शाँझेलिझेवर न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून विकत फिरते आणि तिच्या टी-शर्टवर त्या वर्तमानपत्राचं नाव छापलेलं असतं. कामाच्या गणवेशातला साधा टी-शर्ट, त्यावर शब्द, बाकी काही नाही. स्ट्रीटवेअर हा शब्द रूढ होण्याच्या किती तरी आधीची ही प्रतिमा आजही ताजी वाटते. हा चित्रपट काढला कसा हेही तितकंच मोलाचं आहे. छायाचित्रकार राउल कुतारने कॅमेरा हातात धरला, ट्रॉलीच्या जागी चाकाच्या खुर्चीत बसून शूटिंग केलं आणि शाँझेलिझेवर जाणाऱ्या येणाऱ्यांना कळू नये म्हणून टपालाच्या हातगाडीत लपून चित्रीकरण केलं. रस्ता अडवला नाही, चालू रस्त्यातच काम उरकलं. चौतीस वर्षांनी सोहोच्या रस्त्यावर जे झालं त्याचं आजोळ मला इथे दिसतं. त्या चित्रपटांमधल्या मुलींचे कपडे एक्स-गर्लमध्ये आले हे सगळेच सांगतात. त्या चित्रपटांची काम करायची तऱ्हाही आली, हे फारसं कुणी सांगत नाही.

जोन्झ कुठून आला

ही तऱ्हा आणणाऱ्यांत जोन्झ महत्त्वाचा. तो फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेला नव्हता. किशोरवयात बीएमएक्स, म्हणजे कसरतींच्या छोट्या सायकलींच्या दुकानात काम, मग कॅलिफोर्नियात बीएमएक्सच्या मासिकासाठी फोटो, तिथून स्केटबोर्डिंग. १९९१ मध्ये त्याने ब्लाइंड या स्केटबोर्ड कंपनीसाठी ‘व्हिडिओ डेज’ केला. अर्ध्या तासाहून कमी लांबीचा हा व्हिडिओ स्केटबोर्डिंगच्या दुनियेत आजही आदराने बघितला जातो. त्यातल्या मार्क गॉन्झालेसच्या भागाला कोल्ट्रेनचं जॅझ लावलं आहे. तोवर या खेळाला पंक नाहीतर रॅप लावायचा प्रघात होता. जॅझ लावल्याबरोबर गॉन्झालेसच्या हालचाली वेगळ्याच दिसू लागतात : सुचेल तशी पुढची जागा घेणारा, वाजवता वाजवता रचणारा माणूस.

स्केट व्हिडिओ काढण्याची एक शिस्त असते. कॅमेरावाला बहुतेक वेळा स्वतःच बोर्डवर असतो आणि खेळणाऱ्याच्या बरोबरीने, खाली वाकून, कॅमेरा जमिनीलगत धरून सरकत असतो. जागा भाड्याने घेतलेली नसते. कुणाच्या तरी ऑफिसच्या पायऱ्या, शाळेचा कठडा, पार्किंगची जागा. रखवालदार येईपर्यंत जे मिळेल ते मिळेल. सर्वांत महत्त्वाचं, करामत सलग दाखवावी लागते. उडी एका शॉटमध्ये आणि उतरणं दुसऱ्या शॉटमध्ये असं केलं तर बघणाऱ्यांचा विश्वास उडतो. म्हणून दहा वेळा पडायचं आणि एकदा जमलेलं अखंड ठेवायचं.

गॉर्डनने हा व्हिडिओ पाहिला आणि १९९२ मध्ये सॉनिक यूथच्या ‘१००%’ या गाण्याच्या व्हिडिओसाठी जोन्झला बोलावलं गेलं. तमरा डेव्हिस आणि तो असे दोघे दिग्दर्शक, त्यातला स्केटबोर्डिंगचा भाग त्याचा. हे त्याचं म्युझिक व्हिडिओतलं पहिलं काम. पुढच्याच वर्षी ब्रीडर्स या बँडच्या ‘कॅननबॉल’ गाण्याचा व्हिडिओ गॉर्डन आणि जोन्झ यांनी मिळून दिग्दर्शित केला. म्हणजे सोहोच्या शोआधी यांची एकमेकांबरोबर कामं झालेली होती. गॉर्डनला दृश्यकला परकी नव्हती, तिचं शिक्षणच लॉस एंजेलिसच्या ओटिस कला महाविद्यालयात झालं होतं. शोच्या वेळी ती चाळिशीला टेकलेली होती आणि गरोदरही होती. नव्या माध्यमात उडी घेणं विशीतल्या पोरांचंच काम, असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

बाकी काळही अनुकूल होता. १९९२ च्या अखेरीला एमटीव्हीने गाणं आणि गायक यांच्या नावांबरोबर दिग्दर्शकाचं नावही पडद्यावर द्यायला सुरुवात केली. एका ओळीचा बदल, पण त्यामुळे बघणाऱ्याला आवडलेल्या व्हिडिओमागच्या माणसाचा माग काढता येऊ लागला.

स्केट व्हिडिओची शिस्त जोन्झच्या पुढच्या कामात सतत सापडते. १९९४ चा बीस्टी बॉईजचा ‘सॅबोटाज’ बघा. सत्तरच्या दशकातल्या टीव्हीवरच्या पोलीस मालिकांचं रूप त्यात आहे, खोट्या मिशा आणि विगांसकट. हे झालं वरचं आवरण. ते पेलून धरणारी गोष्ट वेगळी आहे : मोजकी माणसं घेऊन, रीतसर परवानग्यांच्या भानगडीत न पडता, लॉस एंजेलिसच्या खऱ्या रस्त्यांवर पळत पळत केलेलं शूटिंग. मालिकांचं रूप कुणीही उचललं असतं. त्यातला वेग मात्र रखवालदार यायच्या आत काम उरकायची सवय असलेल्या माणसालाच साधला असता.

फॅटबॉय स्लिम या संगीतकाराच्या ‘प्रेझ यू’ गाण्याच्या व्हिडिओत तर ही शिस्त उघडीवाघडी दिसते. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुडमधल्या एका चित्रपटगृहाच्या दारात, लोक उभे असताना, एक हौशी नृत्यमंडळ टेपरेकॉर्डर ठेवून नाचू लागतं. मंडळ काल्पनिक, पुढारी म्हणून नाचणारा स्वतः जोन्झ. पूर्वपरवानगी नाही. मध्येच चित्रपटगृहाचा एक कर्मचारी येऊन टेप बंद करतो आणि तो प्रसंग व्हिडिओत तसाच ठेवला आहे. खर्च सुमारे ८०० डॉलर सांगितला जातो. १९९९ च्या एमटीव्ही पुरस्कारांत याला दिग्दर्शनासकट तीन पुरस्कार मिळाले. स्केट व्हिडिओत रखवालदाराने हाकलणं हा जसा कथेचाच भाग असतो, तसाच इथे तो कर्मचारी आहे. दुसऱ्या कुणी त्याला कापून टाकलं असतं.

रेशमी फ्लॅनेल

आता प्रकरणाची दुसरी बाजू. ज्या मार्क जेकब्सच्या शोच्या दाराशी एक्स-गर्लचा शो झाला, त्यानेच दीड वर्षापूर्वी, १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये, पेरी एलिस या कंपनीसाठी ग्रंज, म्हणजे सिअॅटलच्या रॉक बँडांच्या ढंगाचा, संग्रह सादर केला होता. सिअॅटलच्या बँडमधली मुलं जुन्या दुकानांतून घेऊन घालायची तसे चौकड्यांचे शर्ट, विणलेल्या टोप्या, जाड बूट. न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवर मिळालेला स्वस्तातला फ्लॅनेल (मऊ, उबदार कापडाचा) शर्ट इटलीला पाठवून त्याच चौकड्या रेशमात विणून घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सॉनिक यूथच्या ‘शुगर केन’ गाण्याचा व्हिडिओ याच कपड्यांत, पेरी एलिसच्या शोरूममध्ये चित्रित झाला. दिग्दर्शक निक ईगन. त्यात सेव्हिनी आहे. बँड तोच, मुलगी तीच, शहर तेच.

समीक्षक तुटून पडले आणि जेकब्सची नोकरी गेली. गंमत अशी की अमेरिकन फॅशन डिझायनरांच्या संघटनेचा त्या वर्षीचा महिलावस्त्रांचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. २०१८ मध्ये त्याने स्वतःच त्यातले २६ पोशाख पुन्हा बाजारात आणले. तेव्हा तो संग्रह वाईट होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याची नजर तीक्ष्णच होती. रस्त्यावर काय चाललंय हे मोठ्या कंपन्यांतल्या फार कमी लोकांना तेव्हा दिसत होतं.

तरी तो शर्ट हातात घेतल्यासारखा विचार करून बघा. फ्लॅनेलचा शर्ट त्या मुलांना का हवा होता? स्वस्त, उबदार, मळला तरी चालणारा, कुणाचा तरी वापरून झालेला, आणि कमरेला बांधला की गरजेला हाताशी. रेशमात विणल्यावर चौकड्या उरल्या आणि ही सगळी कारणं गळून गेली. ज्यांना तो परवडत होता त्यांना असं दिसायचं नव्हतं आणि ज्यांना असं दिसायचं होतं त्यांच्याकडे मूळ शर्ट आधीच होता. दिसणारं उचललं, त्यामागचं कारण जागेवरच राहिलं.

एक्स-गर्लने जवळपास त्याच रस्त्यावरून उलट दिशेने चालायला सुरुवात केली. फ्रेंच चित्रपटातल्या मुलीचा कपडा स्केटबोर्डवाल्यांच्या दुकानात, त्याच गिऱ्हाइकाला परवडेल अशा साध्या कापडात आणला. माल दाखवण्याची पद्धत म्युझिक व्हिडिओवाल्यांकडून घेतली : ठिकाण खरं, माणसं ओळखीची, वेळ मोक्याची, खर्च कमी. जोन्झ आणि कोपोला यांनी त्या दिवशी केलं ते फॅशन शो बसवणाऱ्यांचं काम कमी आणि ज्याच्याकडे कॅमेऱ्यासाठी एकच दुपार आहे अशा दिग्दर्शकाचं काम जास्त वाटतं. अशा दिग्दर्शकाला आधी प्रकाश कुठे आहे, माणसं कुठून येणार आणि आपल्याला तिथून किती वेळात हलावं लागेल हे बघावं लागतं.

लोगोपासून पडद्यापर्यंत

माइक मिल्सचा प्रवास मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोललं जातं. टी-शर्टची ग्राफिक्स, गाण्यांच्या अल्बमची मुखपृष्ठं, मग एअर या फ्रेंच संगीतकार जोडीसाठी १९९८ मध्ये म्युझिक व्हिडिओ, आणि २००५ मध्ये ‘थंबसकर’ हा पहिला कथापट. मोजकी अक्षरं आणि एक चित्र एवढ्यात सगळं सांगायची टी-शर्टवाल्याची सवय त्याने पुढेही सोडली नाही.

२०१० चा त्याचा ‘बिगिनर्स’ बघताना हे लख्ख कळतं. नायक ग्राफिक डिझायनर आहे. एका बँडच्या अल्बमच्या मुखपृष्ठाचं काम त्याच्याकडे येतं आणि तो त्यांच्यासाठी दुःखाच्या इतिहासाची रेखाटनं काढत बसतो. चित्रपटात मध्येच कथा थांबते आणि एकामागून एक स्थिर छायाचित्रं येतात : या वर्षी सूर्य असा दिसायचा, राष्ट्राध्यक्ष असा दिसायचा, आनंदी माणसं अशी दिसायची. मागे शांत निवेदन. चित्रपटाच्या शाळेत शिकलेल्या माणसाने कदाचित हा काळ वेशभूषा, जुन्या गाड्या आणि सेट उभारून दाखवला असता आणि त्याला पैसे लागले असते. मिल्सने पानाची मांडणी केल्यासारखा काळ मांडला. त्यात पैसे वाचलेच, शिवाय मुलगा वडलांचं आयुष्य कात्रणांतून समजून घेतोय हा भावही आला. वडलांच्या भूमिकेसाठी क्रिस्टोफर प्लमरला ८२ व्या वर्षी ऑस्कर मिळालं. मिल्सने आपली रीत दुसऱ्या माध्यमात नेली आणि तिथे ती नवी ठरली.

कोपोलाचंही थोडं असंच. एक्स-गर्लच्या शोनंतर तिने मिल्कफेड नावाचा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढला. ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ हा चित्रपट तिने टोकियोत २७ दिवसांत, सुमारे ४० लाख डॉलरमध्ये, बराचसा उपलब्ध प्रकाशात काढला. गजबजलेल्या रस्त्यांवर छोट्या तुकडीने काम केलं. हॉलिवूडच्या मापाने ही रक्कम किरकोळच.

जे उचलता येत नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल की चार दोस्त, एक फुटपाथ आणि हिंमत एवढं पुरेसं आहे. ते खरं नाही, आणि तसं सांगणं वाचकाची फसवणूक होईल. कोपोलाचे वडील म्हणजे ‘गॉडफादर’चे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला. गॉर्डनच्या बँडमागे दहा वर्षांहून जास्त काळाची ख्याती. एक्स-लार्जमध्ये माइक डीचं नाव, आणि तमरा डेव्हिस ही त्याची तेव्हाची पत्नी. फॉन फर्थची बहीण जुली कॅफ्रिट्झ गॉर्डनबरोबर फ्री किटन या बँडमध्ये वाजवणारी. रस्त्यावरच्या शोकडे संपादकांनी वळून पाहिलं ते रस्त्यावर कोण उभं आहे हे त्यांना माहीत होतं म्हणूनही. ही नाती कुणाला उसनी मिळत नाहीत.

पण प्रकरणातून नाती वजा केली तरी काही उरतं का, हे तपासायला हवं. कपड्याच्या कटमधला विचार उरतो. सलग शॉटची शिस्त उरते. दुसऱ्याच्या गर्दीत आपली वेळ साधणं उरतं. स्थिर चित्रांनी काळ सांगणं उरतं. यातल्या एकालाही आडनाव लागत नाही.

आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. त्याच वर्षी, १९९४ मध्ये, तिथून जवळच लाफायेट स्ट्रीटवर स्केटबोर्डवाल्यांसाठी सुप्रीम हे दुकान उघडलं. कपडे भिंतींलगत आणि मधली जागा मोकळी, म्हणजे मुलांना बोर्डसकट आत येता यावं. त्याच उन्हाळ्यात अशा स्केटबोर्डवाल्या मुलांच्या आयुष्यावरच्या ‘किड्स’ या चित्रपटाचं शूटिंग झालं. दिग्दर्शक लॅरी क्लार्क हा मूळचा छायाचित्रकार, आणि या मुलांबरोबर फिरता यावं म्हणून त्याने पन्नाशीच्या आसपास स्केटबोर्ड शिकून घेतला. पटकथा वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये भेटलेल्या एकोणीस वर्षांच्या हार्मनी कोरीनची. सेव्हिनीचा हा पहिला चित्रपट. सुमारे १५ लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेतच ७० लाखांच्या वर कमाई केली. बरीचशी पात्रं खऱ्या स्केटबोर्डवाल्या मुलांनी केली होती. सेव्हिनी आणि रोझारिओ डॉसन यांचं पुढे नाव झालं. जस्टिन पिअर्स २००० मध्ये आणि हॅरल्ड हंटर २००६ मध्ये गेले, दोघंही तरुण. आपलं आयुष्य वापरलं गेलं आणि त्यातून आपल्याला काय मिळालं, असा सवाल त्या वेळच्या मुलांपैकी काहींनी २०२१ च्या एका माहितीपटात उघडपणे केला आहे.

रस्त्यावरून प्रेरणा घेणाऱ्या प्रत्येकाने हा सवाल स्वतःपुढे ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. एक्स-गर्लच्या शोमधल्या मुली आपल्याच मैत्रिणींचे कपडे घालून चालत होत्या. घेणारे आणि देणारे एकाच वर्तुळातले होते, म्हणून तिथे हा प्रश्न टोचला नाही. कॅमेरा बाहेरून आला, वयाने आणि पैशाने मोठा असला, की हिशेब बदलतो. श्रेय, मानधन आणि नकार द्यायची मोकळीक या तीन गोष्टी शूटिंगच्या आधी ठरवायच्या असतात. चित्रपट गाजल्यावर ठरवायला बसलं तर फार उशीर झालेला असतो.

स्वतःच्या कामासाठी

या प्रकरणातून बघायची एक सवय लावून घेता येते. ती मी सांगतो तशीच्या तशी कुणी पाळावी असा आग्रह नाही.

आवडलेला एखादा म्युझिक व्हिडिओ घ्या आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. गाणं गेलं की कितीतरी व्हिडिओ कोसळतात, कारण त्यांना उभं धरणारा फक्त ठेका होता. जे उभे राहतात तेच पुन्हा बघण्यालायक. दुसऱ्या वेळी कॅमेरा कुठे उभा आहे तेवढंच बघा : जमिनीपासून किती उंचीवर, माणसाच्या किती जवळ, स्थिर की बरोबरीने चालणारा. कट कुठे आहे आणि कुठे मुद्दाम टाळला आहे? तिसऱ्या वेळी कपडे बघा, पण रंग आणि ब्रँड सोडून. शिवण कुठे बसते, हालचालीत कापड काय करतं, कपड्यामुळे माणसाची चाल बदलते का.

हे लिहून काढा, आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच गोष्ट लिहा : हे असं का केलं असेल? पैसे नव्हते म्हणून, जागा अरुंद होती म्हणून, गायिकेला नाचता येत नव्हतं म्हणून, थंडी होती म्हणून. उत्तर बरोबर असलंच पाहिजे असं नाही. पण कारणाचा अंदाज बांधला की रूप आणि रीत यांची फारकत होते. चौकड्यांपुढे ‘छान दिसतं’ एवढंच लिहावंसं वाटलं तर ती नोंद खोडून टाका. ‘स्वस्त, उबदार, कमरेला बांधता येतो’ असं लिहिता आलं, तर त्यातलं एखादं कारण तुमच्या कामात लागू आहे का बघा. लागू असेल तर त्या कारणाला तुमच्या माध्यमात कोणतं रूप येईल ते शोधा. ते चौकडीचं असेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा नसतंच.

एवढं झाल्यावर माध्यम बदला. फोटो काढणाऱ्याने आठवडाभर फक्त शिवणी बघाव्यात. कपडे करणाऱ्याने एखाद्या लघुपटाचे सगळे कट मोजावेत. चित्रपट करणाऱ्याने टी-शर्टवर मावेल एवढ्याच शब्दांत आपली गोष्ट लिहून बघावी आणि ती प्रत्यक्ष छापून, घालून, चार अनोळखी माणसांपुढून चालत जावं. ती किती लांबून वाचता येते आणि वाचणारा थांबतो का, हे तिथेच कळतं.